खळीत मीठ

"ते दुधाचं पातेलं आहे!"

"होतं."

"होतं म्हणजे? मघाशी त्यात दूध तापवलंय मी!"

"मघाची गोष्ट वेगळी, जाऊबाई. आता त्यात खळ शिजतेय. तो डाव द्या जरा इकडे."

"डाव नाही मिळणार. आधी माझं ऐक, धाकटे. आज तू बादली घ्यायचीस, फडकं घ्यायचंस, सरळ जायचंस आणि ती भिंत धुऊन यायचीस. वहिनींनी किती साधं सांगितलंय! आरडाओरडा केला का? नाही. कामावरून काढलं का? नाही. फक्त भिंत धू म्हणाल्या."

"माझं तोंड धू म्हणाल्या."

"मग? रोज धुतेसच की!"

"रोज धुते ते परत दिसतं. हे धुतलं की गेलं."

"गेलं तर जाऊ दे! कागदावरचं तोंड आहे ते, त्याला जेवायला लागत नाही. आपल्याला लागतं. आणि हे काय पसरून ठेवलंयस सगळीकडे? पाय कुठे ठेवू मी?"

"कुठेही ठेवा. त्या इस्त्रीवाल्याच्या डोक्यावर तेवढा नका ठेवू, ओला आहे अजून."

"इस्त्रीवाला? म्हणजे तू पुसायचं सोडून आणखी एक काढलंस?"

"ही आतली बाजू आहे."

"कसली आतली बाजू?"

"खिडकीला दोन बाजू असतात ना? बाहेरची लावून झाली. आता आतली लावणार. वहिनींच्या स्वयंपाकघरात, शेगडीसमोरच्या भिंतीवर."

यावर जिचा आवाज बसला, ती माझी आई. मांडणीला धरून एका पायावर उभी होती, कारण दुसरा पाय ठेवायला खरोखरच जागा नव्हती. आणि जमिनीवर खाकी कागदांच्या मधोमध मांडी ठोकून, गालाला काजळी फासलेली, शेगडीवरच्या पातेल्याकडे एक डोळा ठेवून बसलेली ती माझी काकू. दोघी जावा. दोघींचं स्वयंपाकघर एकच, आणि कामही एकच: दुसऱ्यांच्या घरी जाऊन स्वयंपाक करायचा. काकू वहिनींकडे, म्हणजे तिच्या मालकिणीच्या बंगल्यात, आई त्याच ओळीतल्या शेवटच्या बंगल्यात. परत आल्यावर आमचा स्वयंपाक, आणि तो करता करता भांडण. लहानपणी मला वाटायचं की फोडणीचा आवाज म्हणजेच ह्या दोघींचा आवाज, एकीशिवाय दुसरं होतच नाही.

काकूचे वडील पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ते अक्षराची कड काढायचे आणि आतलं भरायला हिला बसवायचे. "कड माझी, पोट तुझं," म्हणायचे. ही शाळेतून आली की दप्तर टाकून कोणाच्या तरी दुकानाच्या पाटीतलं पोट भरत बसायची. कडेबाहेर रंग गेला तर टपली. लग्न झाल्यावर वडिलांनी एक जुना ब्रश दिला, तो तिने आमच्या घरी आल्याआल्या चमच्यांच्या उभ्या डब्यात खोचला. आईने तो काढून मोरीत ठेवला. काकूने परत डब्यात. असं बरेच दिवस चाललं. शेवटी डब्यात ब्रश राहिला आणि चमचे हलले.

मग आमच्या भिंतीवर सुरू झालं. शेगडीमागे तेलाचे डाग उडतात, त्यांना ही कडा काढायला लागली. एका डागाची म्हैस झाली. एकाची बस. कुकरच्या वाफेने भिंतीला जो फुगवटा आला होता, त्याच्या पोटावर हात ठेवून बसलेला एक लठ्ठ माणूस झाला. आई घासायची, ही काढायची. काका ट्रकवर असायचे, आठवड्याने घरी यायचे आणि विचारायचे, "हा कोण नवीन पाहुणा?" एकदा आईच्या हातून रश्श्याचा शिंतोडा उडाला. आईने तो पुसला नाही. काकूला हाक मारली, "धाकटे, बघ गं, ह्याचं काही होतंय का." काकू म्हणाली, "होतंय की. बेडूक." त्यानंतर आमची भिंत कधी घासली गेली नाही. आई अजूनही ते कबूल करत नाही. म्हणते, घासणी संपली होती.

वहिनींचं स्वयंपाकघर बंगल्याच्या मागच्या अंगाला होतं. ओट्यावर शेगडी, शेगडीपुढे भिंत, भिंतीपलीकडे गल्ली. खिडकी नाही. वर एक हातभर पंखा लावला होता, तो वाफ बाहेर कमी टाकायचा आणि आवाज जास्त करायचा. काकू दिवसभर त्या भिंतीकडे तोंड करून उभी. मागून वहिनी येणार, फ्रिज उघडणार, सांगणार, "आज भाजी जरा कमी तिखट," आणि जाणार. काकूची पाठ म्हणणार, "बरं."

एका उन्हाळ्यात काकूला तिथे गरगरलं. पडली नाही, ओटा धरला. दुसऱ्या दिवशी तिने वहिनींना सांगितलं. तो संवाद काकू दोघींचे आवाज काढून करून दाखवते. वहिनींचा आवाज ती नाकातून काढते, ते बरोबर नाही, वहिनींचा आवाज चांगला आहे.

"वहिनी, इथे एक खिडकी पाडता येईल का? लहानशी चालेल."

"इथे? अगं, इकडे गल्ली आहे."

"तेच म्हणते. हवा येईल."

"हवा येईल, पण येणाऱ्याजाणाऱ्यांना आतलं दिसेल ना."

"आतलं काय दिसणार? भांडी, शेगडी."

"तू दिसशील."

एवढंच. वहिनी काही रागाने बोलल्या नव्हत्या. सहज, काळजीनेच म्हणाल्या असतील. पण काकू घरी आली ती ते दोन शब्द तोंडात घोळवतच. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. "तू दिसशील. जाऊबाई, म्हणजे मी दिसायला वाईट आहे?"

"त्यांना तसं म्हणायचं नव्हतं."

"मग कसं म्हणायचं होतं?"

आईने विचार केला. "तसंच म्हणायचं होतं. पण वाईट अर्थाने नाही."

"चांगल्या अर्थाने सांगा मग."

"मला पीठ मळू दे."

काकूने इस्त्रीवाल्याकडून खाकी कागद आणला. तो त्याच गल्लीत टेबल टाकून उभा राहतो, साहेबांचे शर्ट त्या कागदात बांधून देतो. कागदाचे ताव एकमेकांना चिकटवून दाराएवढे केले, आमच्या स्वयंपाकघरात पसरले, आणि शेगडीच्या काजळीत डिंक घालून ती स्वतःला काढायला बसली. घरात मोठा आरसा नव्हता. म्हणून तिने मोठ्या पातेल्याचं झाकण भिंतीला टेकवलं आणि त्यात बघून काढलं. झाकणात तोंड पसरट दिसतं, म्हणून चित्रातली काकू खऱ्या काकूपेक्षा थोडी रुंद आहे. बाकी हुबेहूब. कपाळाला चिकटलेले केस, दाताखाली धरलेला ओठ, वाफेने बारीक झालेला एक डोळा, हातात उलथणं. भोवती खिडकीची चौकट, दोन्ही दारं बाहेर उघडलेली. माणूस शेगडीशी उभं असताना समोरच्या भिंतीला जसं दिसेल, तसं.

"आपलं तोंड कोणाला दिसतं सांगा," ती आईला म्हणाली. "घरातल्यांना पाठ दिसते. तोंड भिंतीला. म्हणून भिंतीलाच विचारून काढलंय."

"भिंत काय म्हणाली?"

"म्हणाली, जाऊबाईंचं पण काढ."

"माझं काढायचं नाही. सांगून ठेवते."

आता खळ. थंड पाण्यात मैदा कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही. दुसरीकडे पाणी उकळत ठेवायचं, त्यात हे कालवण धारेने सोडायचं आणि ढवळत राहायचं, हात थांबला की खाली लागलीच. आधी ते दुधासारखं पांढरं असतं, मग दाटतं, मग पारदर्शक व्हायला लागतं, आणि डावावरून सलग धार पडली की उतरवायचं. हे काकूला वडिलांनी शिकवलेलं. पण वडिलांकडे ती खळ पत्र्याच्या डब्यात, विटांवर शिजायची. इथे ती पातेल्यात, शेगडीवर, मसाल्यांच्या मांडणीसमोर शिजली. आणि काकूचा हात असा आहे की समोर काही रटरटलं की तो मिठाच्या बरणीकडे जातो. बोलता बोलता जातो. चिमूट पडते, हात परत येतो. काकूला कळलंही नाही. आईने बघितलं होतं, पण तिला वाटलं कृतीच तशी असेल.

लावायची कधी? आई म्हणाली, लपूनछपून, पहाटेबिहाटे. काकू म्हणाली, "भर दुपारी. बादली हातात असलेल्या बाईला कोणी काही विचारतं का?" आणि खरंच कोणी विचारलं नाही. एका हातात खळीची बादली, दुसऱ्या हातात केरसुणी, काखेत कागदाची वळकटी, कमरेला लाटणं खोचलेलं. गल्लीतून दोन गाड्या गेल्या, एक कुरिअरवाला गेला, समोरच्या बंगल्यातले आजोबा फेऱ्या मारून गेले. सगळ्यांना वाटलं, बाई भिंत धुतेय. केरसुणीने खळ फासली, कागद चढवला, वरून पुन्हा खळ, आणि मधोमध लाटणं धरून कडांकडे फिरवत गेली, हवेचा एक बुडबुडा ठेवला नाही. तोंड बरोबर तिच्या शेगडीच्या मागे, तिच्याच उंचीवर.

इस्त्रीवाला टेबलामागून बघत होता. म्हणाला, "ताई, सुरकुती राहिली तर सांगा. इस्त्री गरम आहे."

चार दिवसांत लांबवेणी आली. ती मधल्या बंगल्यात स्वयंपाक करते, वेणी इतकी लांब की गॅसजवळ जाताना खोचून ठेवावी लागते. "माझं पण काढ. वेणीसकट." मग तिच्या शेजारची चष्मेवाली. चष्म्यावर वाफ आलेली काढ, म्हणाली, नाहीतर मी वाटणारच नाही. काकूने काढलं. जागा ठरवायला त्यांनी एक रीत काढली होती. आतली बाई आपल्या तोंडासमोर भिंतीवर उलथण्याने ठकठक करायची. बाहेर काकू कान लावून उभी, आवाज कुठे येतो ते चाचपायची आणि खडूने खूण करायची. चष्मेवाली जरा बुटकी. तिची खूण एकदा काकूने मनानेच वर केली. आतून ठकठक खाली आली. काकू पुन्हा वर गेली. ठकठक पुन्हा खाली, आणि भिंतीपलीकडून शिवी. "मी आहे तेवढीच दिसणार!"

होता होता सगळी गल्ली भरली. प्रत्येक बंगल्याच्या पाठीला एक उघडी खिडकी, खिडकीत एक बाई. फक्त आईची भिंत कोरी.

आणि वहिनींना आवडलं. हे काकू सांगायला लागली की तिला हसू आवरत नाही. वहिनींनी सगळ्यांना फोन करून सांगितलं, आमच्या भिंतीवर आर्ट आलंय, या बघायला. मैत्रिणी आल्या, भिंतीपुढे उभ्या राहून फोटो काढले. मग आत येऊन चहा. चहा काकूनेच केला.

"ती बाई कोण असेल गं?" वहिनी काकूच्या पाठीला म्हणाल्या.

"असेल कोणी स्वयंपाकवाली."

"छे! स्वयंपाकवालीचा चेहरा असा नसतो."

"कसा असतो?"

 वहिनी चमचा कपात फिरवत राहिल्या. "म्हणजे... असा नसतो. केवढा बोलका चेहरा आहे तो! मॉडेल असणार."

काकू म्हणाली, "असेल. जरा रुंद आहे, नाही?"

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात इस्त्रीवाल्याने शेळी आणली. त्याच्या मेव्हण्याची, काही दिवस सांभाळायला. टेबलाच्या पायाला बांधली. शेळीने पहिल्या दिवशी दोरी ताणून लांबवेणीची हनुवटी चाटली. दुसऱ्या दिवशी दोर सुटला आणि शेळी पंगतीला बसल्यासारखी एकेका बंगल्यासमोर थांबत गेली. वेणीचं टोक गेलं, चष्म्याची एक काडी गेली. आरडाओरडा ऐकून वहिनी बाहेर आल्या तेव्हा शेळी त्यांच्या भिंतीशी होती आणि डोळे मिटून काकूचं मनगट चाटत होती.

"अरे, धर तिला! कागद खातेय!"

"कागद खात नाहीये, वहिनी," इस्त्रीवाला म्हणाला. त्याने भिंतीवर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. "हे बघा. मीठ आहे. खळीत मीठ घातलंय कोणीतरी. आणि खारट नाही बरं का, चवीपुरतं."

तिथे जमलेले सगळे हसले. वहिनीही हसल्या. "खळीत कोण मीठ घालतं? एखादी स्वयंपाक..."

वाक्य तिथेच राहिलं. वहिनींनी भिंतीकडे बघितलं. मग त्या आत गेल्या. काकू भाजी परतत होती. वहिनी नेहमीसारख्या फ्रिजपाशी थांबल्या नाहीत. ओट्याच्या कडेला आल्या, शेगडी आणि भिंतीच्या मध्ये मान घातली आणि खालून वाकडं होऊन काकूच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ.

काकू म्हणाली, "केस भाजतील, वहिनी."

"तू."

"हो."

"इतके दिवस मी सगळ्यांना सांगत होते..."

"मी ऐकत होते की. मॉडेल म्हणालात. बरं वाटलं."

वहिनी सरळ झाल्या. चेहरा लाल झाला होता, थोडा वाफेने. "लोक काय म्हणतील आता? ह्यांच्या घरी खिडकी नाही, बाईला कोंडून ठेवतात, असंच ना? तुला मी काय कमी केलं?"

"काही नाही. खिडकी मागितली होती, तेवढी राहिली."

"कोणीतरी अनोळखी माणसाने काढलं होतं तोवर ते चित्र होतं. तू काढलंस म्हणजे ती तक्रार झाली. उद्या येताना बादली आण आणि तुझ्या हाताने भिंत स्वच्छ कर. मग मी कोणाला काही सांगणार नाही. आपण विसरून जाऊ."

म्हणून ते सकाळचं भांडण. म्हणून दुधाचं पातेलं. नोकरी गेली तर काकांच्या ट्रकवर सगळं घर चालायचं नाही, हे काकूलाही कळत होतं. आई ते तिला परत परत सांगत होती, आणि सांगता सांगता डाव देऊन बसली होती.

"नीट ढवळ, गुठळ्या होतायत," आई म्हणाली. "आणि मिठाला हात लावलास तर बघ."

"नाही लावत."

"बरणी मी इकडे घेते. आणि हा एवढा लांब कागद तू एकटी आत कसा लावणार? एक टोक धरलंस की दुसरं शेगडीत जाईल. पेटेल. घर जाळशील त्यांचं."

"मग काय करू?"

"काय करू म्हणे! मी टोक धरीन. फक्त धरीन. लावणार तू. मी काही लावलेलं नाही, विचारलं तर मी तसंच सांगणार."

पुढचं मला आईने सांगितलं आणि काकूने करून दाखवलं. दोघींच्या गोष्टी फारशा जुळत नाहीत, पण जिथे जुळतात तेवढं लिहिते.

दोघी मागच्या दाराने गेल्या. काकूने आधी भाजी चढवली, कारण वहिनींकडे जेवण वेळेवर लागतं. मग भिंत. टाइल संपतात त्याच्यावरच्या भागावर तेलाचा चिकट थर होता, त्यावर खळ धरत नाही. आईने सोडा घातलेलं गरम पाणी घेतलं आणि घासायला लागली.

"ही भिंत तू कधी पुसली नव्हतीस का गं? शी! हात चिकटतोय माझा. माझ्याकडे ये, माझी बघ. काच आहे काच."

"तुमच्या भिंतीवर काही नाहीच, पुसायला सोपी."

"टोमणा मारू नकोस, टोक सोडीन."

बाहेरच्या खोलीतून वहिनींचा आवाज आला, "आलीस का? वा, मोठ्या बाई पण आल्या का मदतीला? छान! आधी गल्लीकडची बाजू करा हं."

"हो हो," आई म्हणाली, आणि कागदाचं टोक वर धरलं.

वहिनी दारात आल्या तेव्हा काकू शेवटचा कोपरा लाटण्याने दाबत होती. शेगडीसमोर, जिथे इतकी वर्षं कोरी भिंत होती, तिथे उघडी खिडकी होती. खिडकीतून गल्ली दिसत होती. इस्त्रीवाला, त्याचं टेबल, शर्टांची चळत. मान वर करून उभी शेळी. विजेच्या खांबावरून समोरच्या गच्चीत गेलेल्या तारा. आणि पिशव्या घेऊन कामावर निघालेल्या बायका: एकीची वेणी, एकीचा चष्मा, आणि सगळ्यांत पुढे भराभर चालणारी, तोंड वळवून काहीतरी बोलणारी एक. ती आई. आईला हे तिथे, टोक धरल्यावर, जवळून दिसलं.

"माझं काढायचं नाही म्हटलं होतं ना तुला?"

"तोंड कुठे काढलंय? अर्धंच दिसतंय."

"अर्ध्यावरून पण ओळखू येतेय मी!"

"हे काय चाललंय?" वहिनी म्हणाल्या. "मी काय सांगितलं होतं आणि तुम्ही काय केलंत? माझ्या घरात? माझ्या भिंतीवर?"

"भिंत तुमची. उभी मी राहते," काकू म्हणाली. "म्हणून मला काय दिसायला हवं ते लावलं."

वहिनी पुढे आल्या. कागद उपटायलाच आल्या असाव्यात, आईला तसंच वाटलं, आई मध्ये सरकली. पण उपटायला शेगडीपुढे उभं राहावं लागतं. वहिनी उभ्या राहिल्या, हात वर केला, आणि भाजीची वाफ सरळ तोंडावर आली. डोळे मिटले. उघडले. समोर गल्ली.

वहिनी हात वर ठेवूनच बघत राहिल्या. पंखा घरघरत होता. 

"इथून असं दिसलं असतं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"खिडकी असती तर," काकू म्हणाली. "शेळी रोज नसती दिसली. पाहुणी आहे."

वहिनींनी हात खाली घेतला. कपाळ पुसलं, मागे झाल्या. ओट्याच्या कडेवरून नख फिरवलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. देते."

"काय?"

"खिडकी. खरी. गवंडी बोलावते, भिंत फोडून घेते, जाळी बसवून देते. झालं?"

आईने काकूला कोपराने ढोसलं. एवढं जोरात, की काकूच्या हातातलं लाटणं ओट्यावर पडलं.

"पण बाहेरचं सगळं निघालं पाहिजे," वहिनी म्हणाल्या. "तुझं एकटीचं नाही, सगळ्यांचं. पूर्ण गल्ली. शेजारचे मला बोलतायत, तुमच्या बाईने सुरुवात केली म्हणून. तू लावलंस, तूच काढायचंस."

"आणि त्यांच्या खिडक्या?"

"कोणाच्या?"

"लांबवेणीची. चष्मेवालीची. त्यांना पण गवंडी?"

"ते त्यांचे मालक बघतील. मी कोण त्यांना सांगणारी? मी माझ्या घरापुरतं बोलतेय. तुला खिडकी हवी होती ना? देतेय ना? आता आणखी काय पाहिजे?"

काकू भिंतीकडे बघत होती. कागद अजून ओला होता, काजळीचा एक ओघळ इस्त्रीवाल्याच्या टेबलावरून खाली चालला होता. तिने तो अंगठ्याने टिपला.

"धाकटे," आई हळूच म्हणाली, "खरी खिडकी म्हणतायत त्या. हवा येईल."

काकूने अंगठा पदराला पुसला.

"मोठ्या बाई, तुम्ही समजवा हिला," वहिनी म्हणाल्या. "मी वाईट बोलतेय का? वाईट वागतेय का? दुसऱ्या कोणाकडे गेली असतीस तर एव्हाना हाकललं असतं तुला. बोल ना काहीतरी. आज दुपारीच माणूस येऊ शकतो. बोलावू गवंड्याला?"

भाजी अर्धीच शिजली होती. काकूने गॅस बंद केला.

"अगं, मी काहीतरी विचारतेय तुला. बोलावू की नको?"

काकूने भिंत धुवायची बादली तिथेच वहिनींच्या पायाशी ठेवली, चपला पायात सरकवल्या आणि मागच्या दाराने, भिंतीवर सगळ्याजणी होत्या त्या गल्लीत निघून गेली.